निरोगी माणूस आडवा पडला की

कोल्हापुरात निरोगी माणूस शोधायला निघू नये. एक तर तो शोधावा लागत नाही, आपण होऊन अंगावर येतो. आणि एकाला निरोगी म्हटलं की शेजारचे चौघे बाह्या सारून विचारतात, "म्हंजे आमी काय रोगट हाय व्हय?" हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर डॉक्टर हुपरीकरांना मी शब्दच दिला नसता. पण तो शब्द मी प्रमोदिनीसाठी दिला होता, आणि प्रमोदिनीसाठी त्या वर्षी मी कोणालाही कसलाही शब्द दिला असता.

प्रमोदिनी म्हणजे माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नेमणूक चंदगडला. मी मंगळवार पेठेत राहून एका खाजगी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. माझं नाव नरहर, पण सगळी गल्ली मला बंडूमास्तर म्हणते, हे दुःख वेगळं. माझी बदली होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्या संस्थेची शाळा एकच, आणि तीही कशीबशी. म्हणजे यायचं झालं तर तिनंच यायचं. पंधरवड्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी ती एसटीनं यायची आणि रविवारी दुपारच्या शेवटच्या गाडीनं परत जायची. आल्या आल्या कमरेला पदर खोचून घर झाडायला घ्यायची. मग माझे शर्ट, मग डबे भरणं, मग भाजणी. मी मागं मागं फिरत "अगं, बस की जरा" म्हणायचो, आणि ती बसेपर्यंत स्टँडवर निघायची वेळ व्हायची. ती गेल्यावर तिच्या केसांच्या तेलाचा वास उशीला मंगळवारपर्यंत यायचा. बुधवारी तोही जायचा. बुधवार मला कधीच आवडला नाही.

वर लोक म्हणणार, "मास्तर, मजा हाय की तुमची! मोकळं रान!" असल्या माणसांना मी उत्तर देत नाही. नुसता बघतो.

बदलीचा अर्ज आम्ही दरसाल करायचो. एका वर्षी तो फिरत फिरत राधानगरीला जाऊन आला. बाईची बदली होईना, पण अर्जाची झाली. एका वर्षी उत्तर आलं की पती-पत्नी एकत्र राहत नसल्याचा पुरावा जोडावा. आता हा पुरावा कुठून आणायचा? मी एकटाच जेवतानाचा फोटो काढून लावावा, अशी सूचना शेजारच्या तवनाप्पांनी केली. तवनाप्पा गुळाचे अडत्ये, जैन, माणूस सोन्यासारखा. पण सल्ला द्यायला लागले की गूळ तोलल्यासारखा ढेपाढेपांनी देतात.

अशात डॉक्टर हुपरीकर भेटले. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणारे. त्यांना प्रबंध लिहायचा होता आणि त्यासाठी निरोगी माणसं हवी होती. आणि त्यांचे साडू शिक्षण खात्यात साहेब होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला.

"मास्तर, सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "लोकांना वाटतं, चांगलं काळीज घड्याळासारखं चालतं. चूक. निरोगी काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमी-जास्त होत असतं. माणूस निवांत आडवा पडला की हे मागं-पुढं होणं जास्त. बसला की कमी. उभा राहिला की काळीज पळायला लागतं आणि बरंचसं एकसारखं पळतं. हे आपल्या लोकांत मोजायचंय. तुम्ही माणसं द्या, मी साडूंना तुमच्याकडे चहाला आणतो. पुढचं तुम्ही बोला."

मी लगेच हात पुढे केला.

पहिली अडचण यंत्राची. हृदयाचा आलेख काढणारं ते यंत्र कॉलेजचं, आणि प्राचार्यांचं म्हणणं असं की यंत्र रुग्णांसाठी दिलेलं आहे; निरोगी माणसांवर वापरायचं असेल तर वरून परवानगी आणा. वरून विचारणा आली की सदर माणसं निरोगी असल्याचे दाखले कुठे आहेत? ते दाखले सरकारी दवाखान्यात मिळतात. तिथं निरोगी माणसांची वेगळी रांग नसते. आमच्या गल्लीतली पाचसहा धडधाकट मंडळी खोकणाऱ्या लोकांत सकाळभर उभी राहिली आणि दाखल्याबरोबर सर्दी घेऊन घरी आली. शेवटी प्राचार्य म्हणाले, शनिवार-रविवार यंत्र बाहेर न्या, पण मला काही माहीत नाही. म्हणून ते आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत आलं.

तोवर गल्लीत बोभाटा झालाच होता. "बंडूमास्तराकडं काळीज बघत्यात!" मी सगळ्यांना समजावलं की ठोके मागं-पुढं पडले तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. झालं! कोपऱ्यावरचे एक वस्ताद, सहा फूट उंच, छाती दरवाजाएवढी, बाहीच वर करायला लागले. "माजं काळीज मागं-फुडं हुतंय? मास्तर, शब्द मागं घ्या. आमच्या घराण्यात कुनाचं काळीज मागं झालेलं न्हाय!" डॉक्टरांनी त्यांना आडवं पाडून आलेख काढला आणि सांगितलं, "उत्तम, भरपूर मागं-पुढं आहे." वस्ताद ते ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तवनाप्पांची तऱ्हा निराळी. डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं मांडी घालून शांत बसा." शांत बसणं म्हणजे तवनाप्पांच्या हातखंड्याचा विषय. ते रोज सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसतात, आणि एकदा बसले की पाऊण तासाच्या वर जराही हलत नाहीत, मधे उठणं हा दोष. त्यांनी डोळे मिटले आणि मनात संकल्प करूनच टाकला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डॉक्टर "पुरे, पुरे" म्हणतायत, पण साधकाला स्पर्श कोण करणार? घाबरलेल्या डॉक्टरांना यंत्राची कळही बंद करायची सुचेना, आणि कागदाची गुंडाळी सळसळत खोलीभर पसरली. शेवटी तवनाप्पा डोळे उघडून प्रसन्नपणे म्हणाले, "बसलं की न्हाय शांत?" डॉक्टर जमिनीवर कागद गोळा करत होते. बसलेल्या माणसाच्या काळजाचा एवढा लांब आलेख जगात कोणाकडे नसेल, आणि प्रबंधात त्याची जागा फक्त वीतभर.

तवनाप्पांची धाकटी भावजय राजमती उत्साहानं आली होती. बसून झालं, उभं राहून झालं. "आता आडव्या व्हा," डॉक्टर म्हणाले. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडे बघितलं. दारात थोरले दीर, म्हणजे तवनाप्पाच उभे. "मावांच्या समोर आडवं पडू? काय बोलताय डॉक्टर!" तवनाप्पांना मागल्या अंगणात नेलं. तर खिडकीतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. नुसत्या खोकल्यानं ती ताडकन उठून बसली, आणि हातापायांच्या वायरी निघाल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या गल्लीत बायका झोपतात कधी?" मी म्हटलं, सगळे झोपल्यावर. हे बोलताना मला एकदम प्रमोदिनी आठवली. तीही माझ्यानंतर झोपते आणि माझ्याआधी उठते. लग्नाच्या एवढ्या वर्षांत ती झोपलेली कशी दिसते, हे मला धड ठाऊक नव्हतं.

त्याच शनिवारी माझी पाळी आली आणि सगळा घोटाळा झाला.

आमच्याकडची खाट लोखंडी. लोखंडानं आलेखात थरथर येते, म्हणून डॉक्टरांनी मला जमिनीवर सतरंजीवर झोपवलं. विजेचं बटण दक्षिणेच्या भिंतीला, वायर आखूड. म्हणून पाय दक्षिणेकडे. मनगटाला आणि घोट्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस, वर पट्टे. दारातून उघडा दिसू नये म्हणून अंगावर पांढरी चादर. "आता डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले, "आणि काहीही झालं तरी हलू नका, बोलू नका." मी शास्त्राचा शिक्षक. शास्त्रासाठी एवढं करणार नाही तर कोण?

आणि दूध घालायला धोंडुबाई आली.

धोंडुबाईच्या म्हशी आमच्या गल्लीच्या टोकाला. बाई मायाळू, पण आवाज असा की तिनं म्हशीला हाक मारली तर पलीकडच्या पेठेतल्या म्हशी वळतात. तिनं दारातून पाहिलं: मास्तर जमिनीवर, पाय दक्षिणेला, अंगावर पांढरं, कापूस, उशाशी मान खाली घातलेले डॉक्टर. चरवी तिच्या हातातून पडली.

"आरं माज्या मास्तरा! आसा कसा रं गेलास!"

मी हललो नाही. आज्ञा होती. डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. ती तिला भलतीच कळली, आणि तिनं आणखी वरचा सूर लावला. "कुनाला वंगाळ बोलला न्हाय रं! पान्याचं दूद घातलं तरी गॉड मानून प्यालास! बायकू तिकडं चंदगडात, हिकडं एकलाच भाकरीचं तुकडं मोडत बसलास! एकल्यानंच जीव सोडलास रं बाबा!"

खरं सांगतो, माझ्या परिस्थितीचं इतकं नेमकं वर्णन आजवर एकाही अर्जात उतरलं नव्हतं. मला हुंदका आला. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. डॉक्टर ओरडले, "मास्तर, आलेख बिघडतोय!" आणि मी उठून बसलो. धोंडुबाई जी किंचाळून पळाली ती थेट गल्लीबाहेर.

गल्लीला समजावेपर्यंत दुपार झाली. पण धोंडुबाईचा जावई पिराजी चंदगडच्या गाडीवर कंडक्टर, आणि तो तोवर गाडी घेऊन निघूनही गेला होता. जाताना सासूनं त्याला बातमी सांगितली होती. आता आपल्याकडे गेल्याची बातमी कोणी सरळ सांगत नाही. पिराजीही शहाणा. त्यानं चंदगडला शाळेशेजारी बाईंची खोली गाठली, टोपी काढून हातात घेतली, आणि खाली बघत म्हणाला, "बाई, मास्तरांची तब्येत जरा सिरेस हाय. लगीच बलावलंया." हे वाक्य ऐकून आजवर कोणाचाही माणूस जिवंत सापडलेला नाही. हे प्रमोदिनीलाही माहीत होतं. आणि त्या दिवशीची परतीची गाडी निघून गेली होती.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो, कारण दुपारी साहेब चहाला येणार होते. त्याआधी माझा राहिलेला आलेख उरकायचा म्हणून डॉक्टरांनी मला वायरी बांधून उभं केलं होतं. तवनाप्पा, धोंडुबाई आणि निम्मी गल्ली दारात होती, माझं जिवंतपण बघायला.

एवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली.

प्रमोदिनी उंबऱ्यात उभी होती. केस विसकटलेले, हातात पिशवीसुद्धा नाही. कपाळाला कुंकू होतं, पण फार मोठं, वेडंवाकडं, वरून पुन्हा पुन्हा लावल्यासारखं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखा मूर्खासारखा म्हणालो, "अगं, हा शनिवार तुझा नव्हता ना?"

ती पुढे आली आणि सगळ्या गल्लीदेखत तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. आमच्यात चारचौघांत बोटाला बोट लागत नाही. हात तसाच दाबून धरला. यंत्राची सुई कागदभर नाचायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हलू नका हो! हा आलेख बाद!" बाद तर बाद. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक खरा होता.

मग ती मटकन पायरीवर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या." पाणी पिऊन झाल्यावर मला, डॉक्टरांना आणि धोंडुबाईला, या क्रमानं, तिनं जे काही सुनावलं ते मी इथं देत नाही. धोंडुबाई डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणाली, "माजं चुकलं गं पोरी. पर रडलो ते खरं रडलो."

डॉक्टरांना एका निरोगी बाईचा आडवा आलेख हवाच होता, राजमतीचा फुकट गेलेला. ते भीत भीत म्हणाले, "बाई, पाचच मिनिटं पडाल? गुंडाळीचा शेवटचा तुकडा उरलाय." मला वाटलं आता पाण्याचं भांडं अंगावर येतंय. पण रात्रभर जागून आणि सकाळभर गाडीत बसून तिच्यात नाही म्हणायचीही ताकद नव्हती. वायर कशीबशी ताणून सतरंजी फिरवून घातली, या खेपेस पाय उत्तरेला. गडीमाणसं मागल्या अंगणात घालवली. ती आडवी झाली, कुशीवर वळू नका असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली.

डॉक्टर कागद हातात घेऊन बघत राहिले. "मास्तर, हे बघा. आधी ठोके कसे पळतायत, एकाला एक लागून. आणि आता बघा, कसे मोकळे पडायला लागले. एक लांब, एक जवळ. काही घाई नाही." कागद संपला. त्यांनी यंत्र बंद करून हलक्या हातानं पट्टे सोडले. ती कुशीवर वळली, हात गालाखाली घेतला, आणि झोपूनच राहिली.

साहेब आले तेव्हा ती तशीच होती.

कोल्हापुरात कुजबुज हा प्रकार कोणाला जमत नाही. तरी त्या दुपारी अख्खी गल्ली कुजबुजत होती. वस्ताद चवड्यांवर चालत होते. धोंडुबाई हातवारे करून बोलत होती. साहेब गोंधळून खुर्चीच्या कडेवर बसले. मी अर्ज पुढे केला, तोंडपाठ केलेलं सगळं बोललो. साहेब तसे भले होते. म्हणाले, "बाई इथंच आहेत? मग काम सोपं. उठवा त्यांना. अडचण त्यांच्या तोंडून दोन शब्दांत ऐकतो आणि जागेवर शेरा मारतो. उद्यापासून मी दौऱ्यावर, आणि यादी या आठवड्यात बंद होतेय. अर्जदार समक्ष पाहिजे, बाकी काही नाही."

"समक्ष हाय की," तवनाप्पा म्हणाले. "आडवी हाय एवढंच."

"जागं पाहिजे हो."

मी सतरंजीशी जाऊन वाकलो. खांद्याला हात लावायचा आणि "अगं" म्हणायचं, एवढंच काम. इतक्या वर्षांच्या बुधवारांचा निकाल त्या एका "अगं"मध्ये होता. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. पायाची करंगळी मधूनच हलत होती. तोंड किंचित उघडं होतं. झोपेत ती अशी दिसते होय? मी हात मागं घेतला.

"साहेब, मला उठवता येत नाही."

"का?"

"उठवली की ती कामाला लागेल."

साहेबांचा आवाज चढला, आणि निम्म्या गल्लीनं त्यांना "श्शू" केलं. सरकारी अधिकाऱ्याला श्शू करणं हे फक्त आमच्या पेठेलाच शोभतं. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्हाला बदली पाहिजे की नको? एकदा काय ते सांगा."

"पाहिजे, साहेब."

"मग कशासाठी पाहिजे?"

मी तिच्याकडे बोट केलं. "ह्यासाठीच."

साहेबांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. त्यांनी चहा संपवला, आणि कपबशी आवाज न करता खाली ठेवली. नियम तर नियम. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तवनाप्पा जाताना म्हणाले, "मास्तर, तुमी येडं हाय." यात सल्ला नव्हता, म्हणून मी ते मानलं.

दिवेलागणीला ती दचकून उठली. "अहो, गाडी!"

"गेली."

"आणि ते साहेब?"

"तेही येऊन गेले."

मी सगळं सांगितलं. ती आधी ऐकतच राहिली, मग जी भडकली! "मला हलवायचं की नाही? एक हाक मारता आली नाही तुम्हाला? अजून एक वर्ष काढायचं मी त्या खोलीत? कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" बोलता बोलता ती रडायला लागली. ती बरोबरच होती. मला माझी बाजूच नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि सतरंजीवर हात फिरवला. "तिथं आडवी पडते हो मी. पण झोप म्हणून लागत नाही. वाशांकडे बघत पडलेली असते पहाटेपर्यंत. आणि इथं एवढ्या माणसांत, जमिनीवर..." तिनं माझ्याकडे बघितलं. "घोरत होते का?"

"थोडं."

"सगळ्यांच्या समोर?"

"साहेबांच्या समोरसुद्धा."

ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता परत रडली. त्या संध्याकाळी तिनं घर झाडलं नाही. शर्ट बादलीत तसेच राहिले. मी पिठलं केलं, ते बुडाला लागलं, आणि तिनं ते नावं न ठेवता खाल्लं. मग दिवा मालवून आम्ही पायरीवर बसलो. ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. गल्लीतून जाणारा-येणारा आमच्याकडे न बघितल्यासारखं करत पुढे जात होता. मी म्हटलं, "उद्या पहाटेच्या गाडीला उशीर झाला तर बरं होईल."

चंदगडची पहिली गाडी कधीही वेळेवर सुटत नाही. कधी ड्रायव्हर आलेला नसतो, कधी टायर नसतं, कधी दोन्ही असून गाडीच नसते. दुसऱ्या दिवशी ती अगदी ठरल्या वेळेला सुटली.